शर्यत स्वस्त हवी, जीव नव्हे

दिवाळी सरली की नांदूरघाट परिसरातील अनेक घरांना कुलपे लागतात. केज तालुक्यातील या गावाप्रमाणेच बीड जिल्ह्यातील शेकडो गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांची वाट धरतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि शिक्षण संपले पण नोकरी लागली नाही अशा अवस्थेत अडकलेले तरुण. पाऊस केव्हाच थांबलेला असतो. बालाघाटाच्या डोंगरातील मुरमाचे रस्ते वाळून टणक झालेले असतात. अशा दिवसांत एखाद्याच्या दारात दोन-तीन हात फिरून आलेली जुनी मोटार उभी असते आणि त्याच्या हातातील मोबाईलवर स्वीडनच्या बर्फातून उधळत जाणाऱ्या मोटारींची चित्रफीत चालू असते. ‘हे आपणही का करू नये?’ असा प्रश्न त्याला पडला, तर पोरकटपणा म्हणून तो उडवून लावणे सोपे आहे. वस्तुतः त्या प्रश्नाच्या पोटात अर्थशास्त्रातील दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. मर्यादित साधनांत सुरू झालेला खेळ मर्यादित साधनांतच कसा टिकवावा, हा पहिला. खेळणाऱ्याने केलेल्या काटकसरीची किंमत न खेळणाऱ्याने मोजावी काय, हा दुसरा. आणि तो अधिक गंभीर आहे.

घड्याळाशी शर्यत

आपल्याकडे ‘रॅली’ म्हटले की निवडणुकीतील मोटारसायकलींची मिरवणूक डोळ्यांपुढे येते. क्रीडाक्षेत्रातील मोटार-रॅली ही अगदी निराळी गोष्ट आहे. तिच्यात गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. प्रत्येक गाडी ठराविक अंतराने, एकेका किंवा दोन-दोन मिनिटांनी, सोडली जाते आणि तिची स्पर्धा असते ती घड्याळाशी. वाहतुकीला पूर्णपणे बंद केलेल्या रस्त्यावरील वेगाच्या भागाला ‘विशेष टप्पा’ म्हणतात. असे टप्पे जोडणारा रस्ता मात्र सर्वांना खुला असतो आणि तेथे स्पर्धकालाही वाहतुकीचे सगळे नियम पाळावे लागतात. चालकाशेजारी बसलेला सहचालक आधी टिपून ठेवलेली वळणे, चढ, खड्डे आणि पूल वाचून दाखवतो. चालकाचे डोळे जेथवर पोचत नाहीत तेथवर सहचालकाची वही पोचते. म्हणजे हा खेळ जितका हातापायांचा तितकाच वहीचा आणि हिशेबाचा आहे.

हिवाळ्याशी या खेळाचे नाते जुने आहे. माँटे कार्लोची पहिली रॅली १९११ च्या जानेवारीत झाली. स्वीडनची रॅली १९६५ पासून हिवाळी झाली. या हिवाळी रॅलींनी एक गोष्ट वारंवार दाखवून दिली. बर्फावर इंजिनाची ताकद ही दुर्मिळ वस्तू राहत नाही. दुर्मिळ असते ती चाकाची जमिनीवरील पकड. ती पैशाने काही अंशीच विकत मिळते. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क यांच्या चिमुकल्या मिनी कूपरने बाजी मारली, तेव्हा जगाला त्याचे मोठे अप्रूप वाटले. तथापि त्या विजयाचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो. निव्वळ वेळेत ४.७ लिटर इंजिनाची फोर्ड फाल्कन सर्वांत वेगवान ठरली होती. इंजिनाच्या आकारानुसार भार ठरवणारे गुणांकन नियमात होते, म्हणून लहान गाडी पहिली आली. लहान गाडीचा विजय हा चालकाच्या कौशल्याचा होता, तसाच तो नियमकर्त्याच्या शहाणपणाचाही होता.

भारतातही ही परंपरा अगदीच कोवळी नाही. हिमालयन रॅली १९८० मध्ये सुरू झाली आणि पुढील दशकभर गाजली. १९९९ मध्ये ‘रेड द हिमालय’ सुरू झाली. नाशिक परिसरात झालेली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेचा भाग होती. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक मालिकेपर्यंत पोचले. हे सारे अभिमानास्पद खरे. परंतु यांतील बहुतेक वाटा उद्योगनगरांतून आणि प्रायोजकांच्या दारांवरून जातात. नांदूरघाटच्या तरुणाला त्या वाटेवर उभे करणे म्हणजे शेततळ्यात पोहायला शिकलेल्याला समुद्रात ढकलणे होय.

खर्च कोठे वाढतो?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की या खेळातील मोठा खर्च गाडीचा. हौशी स्पर्धकाचा अनुभव उलट असतो. जुनी गाडी ही एकदाच करायची खरेदी असते आणि तीत भागीदारीही करता येते. खरा खर्च तिच्या मागून येतो. टायर झिजतात, शॉक-अॅब्सॉर्बर फुटतात, इंजिनाखालचे पत्र्याचे कवच दगडावर आदळून वाकते. प्रवेशशुल्क, परवाना, मुक्काम, गाडी वाहून नेणे आणि मदतीला आलेल्या मेकॅनिकचा खर्च वेगळाच. शिवाय समोरच्याने चांगले टायर घेतले की आपणही घ्यावेत, त्याने इंजिन सुधारून घेतले की आपणही घ्यावे, हा क्रम सुरू होतो. सगळ्यांनी दुप्पट खर्च केला तरी पहिला एकच येतो आणि शेवटचाही एकच. सर्वांचा मिळून खर्च वाढतो, क्रम मात्र जवळजवळ तोच राहतो. शस्त्रस्पर्धेत राष्ट्रे ज्या सापळ्यात सापडतात, त्याच सापळ्यात हौशी खेळाडूही सापडतो.

हा सापळा मोडण्याचा एक विलक्षण साधा उपाय स्वीडन, फिनलंड या देशांनी शोधला आहे. तेथे ‘फोकरेस’ नावाचा लोकांचा शर्यतप्रकार आहे. तो रॅलीसारखा लांब रस्त्यावर नव्हे, तर खडी-मातीच्या छोट्या मैदानी वर्तुळावर होतो. त्यातील नियम असा की शर्यतीत उतरलेली कोणतीही गाडी ठरवून दिलेल्या किमतीला दुसऱ्या परवानाधारकाने मागितली तर मालकाने ती विकलीच पाहिजे. मागणारे अनेक असतील तर चिठ्ठ्या टाकल्या जातात. आता ठराविक किमतीच्या गाडीवर तिच्या पाचपट खर्च करणारा माणूस आपले पैसे दुसऱ्याच्या हाती फुकट सोपवील. नियमाने कोणाला ‘खर्च करू नका’ असे बजावले नाही. त्याने उधळपट्टी मूर्खपणाची ठरवली, एवढेच. उपदेशाने जे साधत नाही ते चांगला नियम कसे साधतो, याचे वर्गात सांगण्याजोगे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

नियम नसेल तर काय होते, हे पाहायला स्वीडनपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या बैलगाडा शर्यतींकडे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींना बंदी केली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या सशर्त सुरू करण्यास परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. न्यायालयीन वाद तेथे मिटला. आर्थिक प्रश्न मात्र मिटला नाही. गावजत्रेतील वर्गणीतून दिले जाणारे ढाल, फेटा, भांडी यांसारखे मानाचे बक्षीस मागे पडून मोठ्या मैदानांवर मोटारसायकली, ट्रॅक्टर, चारचाकी आणि चक्क जेसीबी यंत्रे बक्षिसात आली. बक्षीस जेवढे मोठे, तेवढी त्यासाठी केली जाणारी गुंतवणूक मोठी. बैलाची किंमत लाखांत गेली की ज्याच्या गोठ्यात एकच जोडी आहे आणि जी नांगरालाही तीच लागते, तो शेतकरी धावपट्टीवरून उतरून प्रेक्षकांत जाऊन बसतो. खेळ मेला नाही, उलट फोफावला. पण तो त्याच्या हातून गेला. मोटार-रॅली मराठवाड्यात आणायची झाल्यास हा धडा आधी गिरवला पाहिजे.

ज्याने तिकीट काढले नाही तो

येथवरचा विचार खेळणाऱ्याच्या खिशाचा झाला. परंतु रॅली ही बंद स्टेडियमात होत नाही. ती दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून, दुसऱ्याच्या वस्तीच्या तोंडावरून जाते. ज्याने खेळात भाग घेतला नाही, तिकीट काढले नाही, कदाचित ज्याला खेळाचा पत्ताही नाही, त्याच्यावर पडणाऱ्या भाराला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. रॅलीच्या बाबतीत हा शब्द कोरडा राहत नाही. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानात जोधपूरच्या रॅलीत विशेष टप्प्यावर धावणारी गाडी एका मोटारसायकलीवर आदळली आणि एकाच कुटुंबातील तिघे जागीच गेले. रस्ता स्पर्धेसाठी बंद होता, असे कागद सांगत असेल. मोटारसायकलीवरील कुटुंबाच्या दृष्टीने तो नेहमीचा रस्ता होता. १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीतही गाडी गर्दीत घुसून तिघे प्रेक्षक मरण पावले होते आणि त्या वर्षीच्या अपघातांनंतर सर्वांत वेगवान गटाच्या गाड्या जागतिक मालिकेतून काढून टाकण्यात आल्या. श्रीमंत युरोपात जे टळले नाही, ते अर्ध्या खर्चात आणि अर्ध्या तयारीत बीड जिल्ह्यात टळेल असे समजणे हा भाबडेपणा आहे.

त्यात हिवाळा म्हणजे येथे गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. बैलगाड्या असतात. पहाटे धुके असते. मुरमाच्या रस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेला धुळीचा लोट वारा नसेल तर कितीतरी वेळ हलत नाही आणि मागच्याला समोरचे काहीही दिसत नाही. अशा रस्त्यावर वेगाचा विशेष टप्पा घ्यायचा तर प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी माणूस उभा करावा लागेल, प्रत्येक वस्तीला आधी कळवावे लागेल, रुग्णवाहिका आणि डॉक्टर हाताशी ठेवावे लागतील. गाडीत पोलादी नळ्यांचा सांगाडा, योग्य पट्टे, शिरस्त्राण, अग्निशामक हवेच. ‘हौशी आहोत, बजेट कमी आहे’ या सबबीखाली कात्री लागते ती नेमकी येथेच. टायरवरील खर्च दिसतो, पायवाटेवर उभ्या न केलेल्या माणसाचा वाचवलेला भत्ता दिसत नाही.

कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट विम्याची. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रातून संघटित शर्यत, वेगचाचणी आणि वाहनाच्या टिकाऊपणाची चाचणी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. म्हणजे रात्री रिकाम्या महामार्गावर पैज लावणारा तरुण केवळ स्वतःचा जीव पणाला लावत नाही. समोरून येणाऱ्या कुटुंबाच्या नुकसानभरपाईवरही तो वाद ओढवून घेत असतो.

मग काय करावे?

बंदी हे याचे उत्तर नव्हे. पैजा बंदीने थांबत नाहीत, त्या फक्त अंधारात जातात. उत्तर आहे ते खेळाचा दुसरा, जुना आणि स्वस्त प्रकार निवडण्यात. रॅलीचा एक प्रकार वेळ, वेग आणि अंतर या तीन गोष्टींवर उभा आहे. त्यात सर्वांत वेगाने जाणारा जिंकत नाही. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने अचूक जाणारा जिंकतो. उशिरा पोचल्यास गुण जातात, लवकर पोचल्यासही जातात. पुष्कळ ठिकाणी लवकर पोचण्याची शिक्षा अधिक कडक असते. वेग वाढवण्याचा मोहच येथे नियमाने तोट्याचा केलेला आहे. स्वीडनच्या विक्रीच्या नियमासारखेच हे शहाणपण.

यातील हिशेब कोणत्याही माध्यमिक शिक्षकाला आवडेल. ताशी ३६ किलोमीटर सरासरी दिली असेल तर एक किलोमीटरला बरोबर १०० सेकंद लागतात. २४ किलोमीटरला ४० मिनिटे. पण गाडीचा अंतरमापक प्रामाणिक असतोच असे नाही. संयोजकांनी मोजलेले १० किलोमीटर तो १०.२ दाखवत असेल, तर त्याच्यावर विसंबणारा मनुष्य २४ किलोमीटरच्या टप्प्यावर जवळजवळ पाऊण मिनिटाने चुकतो. ही चूक आधी शोधून दुरुस्तीचा गुणक काढायचा, वाटेत रेल्वे फाटक किंवा मेंढ्यांचा कळप आडवा आला तर गेलेला वेळ हळूहळू भरून काढायचा, आणि हे सारे हलत्या गाडीत मांडीवरील वहीत करायचे. चालक आणि वहीवाला यांच्यात तंटा झाला की गुण गेलेच. ज्याला गाडी परवडत नाही त्या विद्यार्थ्यालाही येथे मानाची जागा आहे. कारण अर्धी स्पर्धा डाव्या बाजूच्या आसनावर जिंकली जाते.

खर्चाचे म्हणाल तर शंभर किलोमीटरच्या मार्गाला लिटरमागे १५ किलोमीटर जाणारी गाडी सात लिटरांहून कमी पेट्रोल घेते. सातशे-आठशे रुपयांचा हा खर्च दोघांत वाटला जातो. नवे टायर लागत नाहीत, कारण वेगच नाही. संयोजकांनी एवढेच करावे की मनगटी घड्याळ, गाडीतील अंतरमापक आणि पेन्सिल याखेरीज कोणतेही साधन चालणार नाही असा नियम घालावा आणि मोबाईल पाकिटात मोहोरबंद करावेत. बक्षीस म्हणून प्रशस्तिपत्र आणि फिरता चषक. रोख रक्कम नको, वाहन तर नकोच. स्पर्धा रविवारी, सूर्य वर आल्यावर सुरू व्हावी आणि दुपारपर्यंत संपावी. शाळा, वस्ती आणि आठवडी बाजार यांच्या हद्दीत घड्याळ थांबलेले असावे, म्हणजे तेथे घाई करण्यात कोणाचाच लाभ उरणार नाही. पोलिसांची परवानगी, ग्रामपंचायतींना आगाऊ सूचना आणि विमा कंपनीची लेखी संमती यांखेरीज पहिली गाडीही सुटता कामा नये. ज्यांना वेगाचीच ओढ आहे त्यांच्यासाठी पडीक रानात, कुंपण घालून, एका वेळी एक गाडी सोडून मैदानी चाचणी घेता येईल. तीही पूर्ण सुरक्षासाधनांनिशी.

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, जेथील माणसे कोयता घेऊन सहा-सहा महिने पाचटाच्या खोप्यांत राहतात, तेथे पेट्रोल जाळण्याचा खेळ ही चैन नव्हे काय? चैन आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु वीस गाड्यांच्या अशा स्पर्धेला दीडशे लिटरांच्या आत पेट्रोल लागते, आणि फाडलेल्या सायलेन्सरवर, रुंद चाकांवर आणि वरातीतील डीजेवर गावोगाव जे उधळले जाते त्याचा हिशेब कोणी मागत नाही. शिवाय चैन फक्त श्रीमंतांनी करावी आणि गरीब प्रदेशाने केवळ कष्ट आणि करुणा यांवर जगावे, हा न्यायही कोणता? प्रश्न खेळ असावा की नसावा हा नाही. त्याची किंमत कोण देतो, हा आहे.

काटकसरीला आपण सद्गुण मानतो आणि ते योग्यच आहे. मात्र काटकसर दोन प्रकारची असते. एक आपल्या गरजा कमी करते. दुसरी आपला खर्च शेजाऱ्याच्या खात्यावर टाकते. पहिली जुन्या गाडीत, एका पेन्सिलीत आणि शंभर किलोमीटरच्या मुरमाच्या रस्त्यावर मावते. दुसरीचे बिल कारखान्यावरून परतणाऱ्या एखाद्या जोडप्याच्या नावाने, अंधाऱ्या वळणावर फाटते. फेब्रुवारी-मार्चपासून या वाटांवरून टोळ्या परतू लागतात. गाड्यांवर संसार बांधलेले, पोरेबाळे वर झोपलेली. बालाघाटाच्या रस्त्यांवर कोणताही खेळ मांडण्यापूर्वी त्या रस्त्याचा पहिला हक्कदार कोण, हे मांडणाऱ्यांनी आधी ठरवावे. नियम मग त्यातूनच निघतील.